आई-बाबा, हार्वर्डला हरवणाऱ्या छोट्या कॉलेजची गोष्ट

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, तुमच्या गुडघ्याचं दादाने फोनवर सांगितलं. जिना उगाच चढू नका, आणि शाहू स्टेडियमला मॅचला गेलात तरी खालच्या पायऱ्यांवरच बसा. आई, तू लक्ष ठेव. आज फुटबॉलचंच लिहितेय, पण इकडच्या, अमेरिकेतल्या फुटबॉलचं, बॉल हातात घेऊन पळतात आणि पळणाऱ्याला धरून पाडतात तो.

आमच्या केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनपासून तासाभराच्या आत डॅनव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तिथलं सेंटर कॉलेज. 1921 साली तिथे सगळी मिळून तीनशेच्या आसपास मुलं होती, आणि ह्या कॉलेजच्या टीमने 29 ऑक्टोबरला हार्वर्डला त्यांच्याच ग्राउंडवर 6-0 ने हरवलं! आणि हार्वर्ड म्हणजे सलग 25 मॅच न हरलेली टीम, 1920 च्या जानेवारीत ‘रोझ बोल’ नावाची मोठी मॅच जिंकलेली.

सगळेजण त्या जिंकलेल्या मॅचचंच बोलतात, पण मला त्याच्या आदल्या वर्षीची हरलेली मॅच जास्त भिडते. 1920 ला हीच पोरं एवढ्या लांब बॉस्टनला हार्वर्डशी खेळायला गेली, हाफटाइमला 14-14 बरोबरीत होती आणि शेवटी 31-14 ने हरली. मॅचनंतर हार्वर्डचा कॅप्टन मॅचचा बॉल सेंटरच्या बो मॅकमिलन ह्या खेळाडूला द्यायला लागला, तर ह्याने घेतला नाही, पुढच्या वर्षी येऊन जिंकूनच नेतो म्हणाला, असं सांगतात. आणि वर्षभराने खरंच आले की परत!

बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे ही टीम अशीच गोळा केलेली नव्हती. मॅकमिलन आणि आणखी काहीजण टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या एकाच हायस्कूलचे, त्यांना तिथे शिकवणारे मायर्स सर सेंटरला आले आणि मागोमाग ही पोरंपण आली, अगदी आपल्या पेठेतल्या तालमीची पोरं लहानपणापासून एकत्र खेळतात तसं. मायर्सनीच चार्ली मोरनना कोच म्हणून आणलं, ते उन्हाळ्यात मोठ्या बेसबॉल लीगमध्ये अंपायर असायचे. मॅचआधी टीम प्रार्थना करायची म्हणून नावच पडलं प्रेइंग कर्नल्स.

1921 च्या मॅचमध्ये हाफटाइमला 0-0. मग तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच मॅकमिलन बॉल घेऊन सुटला, मधेच दिशा बदलली, अडवणाऱ्यांना चुकवत 32 यार्ड पळून टचडाउन, म्हणजे बॉल घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे. त्याचे सहा पॉइंट, त्यानंतरची जादा पॉइंटची किक हुकली. पुढे जवळजवळ अर्धी मॅच हार्वर्डला अडवून धरायचं होतं, आणि त्यांनी धरलं. मला तर त्या पळून केलेल्या टचडाउनपेक्षा हे अडवून धरणंच जास्त भारी वाटतं. आपल्या कॉलेजच्या भिंतीवर मुलांनी C6H0 म्हणजे सेंटर सहा, हार्वर्ड शून्य, असं केमिस्ट्रीच्या फॉर्म्युल्यासारखं रंगवलं, ते अजून आहे. पांढरी मोठी अक्षरं, मी समोर उभी राहून फोटो काढलाय, व्हॉट्सअॅपवर पाठवते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. केंटकीत 1904 पासून कायदाच होता की काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एका शाळा-कॉलेजात शिकायचं नाही, त्यामुळे ही टीम सगळी गोऱ्या मुलांचीच. त्याच गावातल्या किती चांगल्या खेळाडूंना त्या ग्राउंडवर पाय ठेवता आला नसेल, हे विसरून नुसतं कौतुक करणं मला जमत नाही.

पूर्ण सीझनमध्ये डिसेंबरअखेरपर्यंत दहाच्या दहा मॅच जिंकल्या, आणि सगळ्या मिळून फक्त सहा पॉइंट खाल्ले. ट्रान्सिल्वेनिया कॉलेजला तर 98-0! मग 2 जानेवारी 1922 ला डॅलसला टेक्सास ए अँड एमशी शेवटची मॅच, त्या टीमचे कोच आधी हेच मोरन होते. त्याच सकाळी मॅकमिलनचं लग्न झालं आणि तो लग्न करून मॅच खेळायला आला (आई, तू ऐकून काय म्हणशील!). ती मॅच मात्र सेंटरवाले 22-14 ने हरले. समोरच्या टेक्सास ए अँड एमचे इतके खेळाडू जखमी झाले होते की गॅलरीत बसलेल्या किंग गिल नावाच्या मुलाला खाली बोलावून ड्रेस घालून तयार उभं केलं. तो खेळला नाहीच, पण त्यांच्या कॉलेजात आजसुद्धा विद्यार्थ्यांची अख्खी गॅलरी मॅचभर उभी असते ती ह्याच्यामुळे.

पुढच्या वर्षी इकडे याल तेव्हा ऑक्टोबरमध्येच या, शनिवारची मॅच बघायला डॅनव्हिलला जाऊ. बाबा, नियम मी समजावून सांगेन, फार अवघड नाहीत. तोपर्यंत गुडघ्याचे व्यायाम सोडू नका.

तुमची,
मनू