कॅप्टनने विमान परत फिरवलं म्हणून चिडू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात आमचं विमान रनवेच्या तोंडाशी जाऊन परत फिरलं, कॅप्टननी सांगितलं की एक वॉर्निंग लाईट लागतेय, विझतेय, कारण कळत नाहीये, इंजिनिअर बघतील. झालं, लोकांनी केबिन क्रूला धारेवर धरलं, एकजण तर म्हणाला बंद करून चालू करा आणि निघा! मला फार वाईट वाटलं.

२० ऑगस्ट २००८ ला माद्रिदमध्ये स्पॅनएअरचं विमान असंच परत आलं होतं. बाहेरचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा हीटर जमिनीवरच चालू झालेला, खरं तर तो फक्त हवेत चालायला हवा. नियमात बसतं म्हणून हीटर बंद केला आणि विमान सोडलं, पण तो मुळात चालू का झाला हे कोणी शोधलंच नाही. दुसऱ्यांदा निघताना पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे उडताना जास्त उचल देणाऱ्या पंखांच्या झडपा, उघडायचे राहिले आणि त्याची आठवण करून देणारा अलार्म वाजलाच नाही, हीटर आणि अलार्म दोघांना सिग्नल देणारा रिले, म्हणजे विजेचा स्विच, एकच होता. विमान कोसळलं, १५४ माणसं गेली हो.

टेकऑफच्या धावेत व्ही-वन हा वेग ओलांडला की मग उरलेल्या रनवेवर सुरक्षित थांबता येईलच असं नाही, त्यामुळे शंका आहे तर ती आधीच, जमिनीवर मिटवायला हवी ना? आपल्या पेपरातही 'तांत्रिक बिघाड, प्रवाशांचे हाल' एवढंच छापून येतं, वैमानिकाने विमान का परत आणलं तेही दोन ओळीत लिहा ही कळकळीची विनंती.

– एक प्रवासी