सिलिॲक आणि मनाची मरगळ: मुलीस पत्र

सोलापूर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गहू पूर्ण सोडला, पोटही आता कुरकुर करत नाही, मग मनाला उभारी का येत नाही आणि वाचलेले डोक्यात का शिरत नाही, असे तू परवा फोनवर विचारलेस. असल्या प्रश्नाला फोनवर घाईने उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. हा तुझ्या स्वभावाचा दोष नाही आणि "मन खंबीर कर" एवढ्या उपदेशाने तो जाणारही नाही, हे सर्वांत आधी सांगतो. सिलिॲक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा हा तुझा आजार, असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. स्वीडनमध्ये हा आजार झालेल्या हजारो मुलांच्या नोंदी पुढील काही वर्षांपर्यंत तपासल्या, तेव्हा त्यांना मानसिक आजार होण्याचे प्रमाण इतर मुलांच्या सुमारे १.४ पट निघाले.

यातला काही भाग सरळसरळ शरीराचा आहे. गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेले की तुझी रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजतात आणि लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२, ड जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. नुसते लोह कमी पडले तरी माणूस थकतो, चिडतो, त्याचे चित्त लागत नाही. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तर मज्जासंस्थेला सतत लागतात. शरीरात धुमसणाऱ्या दाहाचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो, असेही संशोधक मानतात. शिवाय पोटाची तक्रार थांबली म्हणजे आतडे भरून आले असे नसते. मोठ्या माणसांत त्याला कधी दोन वर्षांहूनही अधिक काळ लागतो. तेव्हा आहार सांभाळूनही डोके जड राहते, याचा अर्थ तुझे पथ्य वाया गेले असा काढू नकोस.

दुसरा भाग त्या पथ्याचाच आहे, आणि माझ्या मते त्याच्याविषयी फार कमी बोलले जाते. आपल्याकडे माणसे जोडली जातात ती पंगतीत. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याच्या शिऱ्याचा, सणाची पुरणपोळी कणकेची, दिवाळीची शंकरपाळी मैद्याची; आणि प्रत्येक ठिकाणी "अगं, घासभर खाल्लंस तर काय होतं" असे म्हणणारे कोणीतरी प्रेमळ माणूस असतेच. त्याला दरवेळी तेच समजावून सांगताना किती शीण येतो, हे मी इथे पाहिले आहे. वरणाच्या फोडणीतला हिंगसुद्धा तुला विचारावा लागतो, कारण बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. गिरणीत आधी गहू दळलेला असेल, तर त्यावर दळलेली ज्वारीही तुझ्या कामाची नाही. जेवणाच्या ताटाकडे संशयाने पाहण्याची अशी सवय लागली, की ती हळूहळू निमंत्रणे टाळण्यात आणि एकटे जेवण्यात उतरते. मेसमध्ये तू मैत्रिणींबरोबर बसत नाहीस, असे तू ओझरते म्हणालीस. मला पोटापेक्षा त्याची चिंता अधिक वाटली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की पथ्यात तसूभरही ढिलाई नको, पण पथ्यासाठी माणसे सोडायची नाहीत. भाकरीचा डबा घेऊन त्यांच्याच टेबलावर बस. अतिदक्षतेने जगणाऱ्या सिलिॲकच्या रुग्णांचे आयुष्य अधिक तणावाचे होते, असे अभ्यासांतही दिसले आहे. तेव्हा मेसच्या काकांना एकदाच नीट समजावून सांग. तुझी कढई आणि झारा वेगळा ठेवायला त्यांना फारसे जड जाणार नाही. उत्तर भारतात हा आजार साधारण शंभरात एकाला असतो, तर दक्षिणेत हजारात एकाला. त्यामुळे आपल्या भागात नावही न ऐकलेला हा आजार तुझ्या तिथल्या, दिल्लीतल्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा असेल.

आता डॉक्टरांच्या पुढच्या भेटीविषयी. ट्रान्सग्लुटामिनेजच्या अँटीबॉडीची, म्हणजे सिलिॲकसाठी रक्ताची नेहमीची तपासणी होईलच. तिच्यासोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांच्याही तपासण्या कराव्यात का, हे विचार. थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार सिलिॲकसोबत बऱ्याचदा आढळतो आणि थायरॉइड मंदावले तरी मन असेच खचते. झोप, रडू येणे, एकाग्रता, कशातच रस न वाटणे हे सारे त्यांना पोटाच्या लक्षणांइतक्याच तपशिलाने सांग; "बाकी ठीक आहे" म्हणून उठू नकोस. अहवाल सुधारले आणि तरीही मन तसेच राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे, आणि त्यासाठी अहवालांची वाट पाहायलाच हवी असेही नाही. औषध सुरू झाले तर तुला सिलिॲक आहे हे आधी सांग, कारण काही गोळ्यांत भरण म्हणून स्टार्च असतो आणि तो कशाचा आहे हे विचारून घ्यावे लागते. रात्री-अपरात्री फारच असह्य झाले तर मला उठव. माझा फोन लागला नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालू असतो.

ज्वारीचे पीठ संपत आले असेल. आपली घरची चक्की फक्त ज्वारी-बाजरीसाठीच ठेवली आहे, त्यामुळे तिथले दळण निर्धास्तपणे वापर. किती किलो पाठवू, ते कळव.

तुझा,
बाबा