बीजे किती निघाली, हा अर्धाच आकडा

महोदय,

आपल्या पुरवणीतील ‘एग फ्रीझिंग’वरचा, म्हणजे स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवण्यावरचा, लेख वाचून, वीस बीजे निघाली म्हणजे वीसही कामाची, असा समज होतो. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, त्या मुंबईतल्या वर्तमानपत्राकडून थोडी अधिक अपेक्षा होती.

बीजे काढल्यावर भोवतालच्या पेशी सोलून मायक्रोस्कोपखाली एक खूण शोधतात: कवचाच्या आत, बीजाच्या कडेला चिकटलेला बारीक गोळा, म्हणजे पहिली पोलर बॉडी. ती दिसली तरच बीज पक्व, आणि गोठवायचे ते सहसा असेच.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजे विभाजन सुरू करून मध्येच थबकतात. बीजात सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूची पातळी चढी असेपर्यंत, विभाजन चालू करणारे सीडीके१ हे प्रथिन जखडलेले राहते. बीज पिकवणारे संप्रेरक एलएच उसळले की पातळी उतरते, सीडीके१ सायक्लिन बी१ या प्रथिनाच्या जोडीने कामाला लागते आणि केंद्रकाचे आवरण विरघळते. पोलर बॉडी बाहेर पडली की एमी२ हे प्रथिन बीजाला पुन्हा अडवून धरते, ते थेट शुक्रजंतू शिरेपर्यंत.

बीजे काढण्याआधी देतात त्या ट्रिगरच्या इंजेक्शनने एलएचचेच काम करून घेतात. म्हणून ते टोचायची वेळ रात्री साडेदहाची दिली, तर साडेदहा म्हणजे साडेदहाच. बीजे त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी काढतात. घाई केली तर कच्ची मिळतात, उशीर झाला तर बीजकोषातून निसटलेली असतात. लोकल रखडून तासभर उशिरा टोचले गेले, तर लपवू नये. फोन करावा, ओटीची (शस्त्रक्रियागृहाची) वेळ पुढे नेता येते.

वयाचा मुद्दा लेखात ‘बीजे संपतात’ एवढ्यावर उरकला आहे. खरी गोम कोहेसिनमध्ये आहे. गुणसूत्रे धरून ठेवणारा हा प्रथिनांचा डिंक जन्माआधीच लागतो आणि पुढे त्याची भरपाई जवळजवळ होत नाही, असे उंदरांवरील प्रयोग सांगतात. पहिल्या विभाजनात सेपरेज हे विकर गुणसूत्रांच्या बाहूंवरचा डिंक कापते, मधल्या सांध्यावरचा शुगोशिन हे प्रथिन राखते. (जपानीत शुगोशिन म्हणजे रक्षक देवता. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी.) पस्तिशीनंतर डिंक विरळ झालेला असतो, गुणसूत्रे अवेळी सुटतात, भलत्याच टोकाला जातात. पोलर बॉडी दिसली तरी हा दोष वरून ओळखू येत नाही. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये झीज थांबते, पण आधी झालेली भरून येत नाही.

तेव्हा अहवाल हाती घेताना एकूण बीजांच्या शेजारी ‘एम टू’, म्हणजे पक्व, किती आणि काढताना वय किती, हे दोन्ही लेखी मागावे.

– एक भ्रूणतज्ज्ञ, दादर