पेवाचं गणित पिशवीत उतरवून दाखवणाऱ्या कृषी सहायक ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

मळण्या उरकल्या, ज्वारी घरात आली. ती भरायला घेण्याआधी तुमचे आभार मानायचे, असं आमच्या बचत गटातल्या सगळ्यांनी ठरवलं.

हवाबंद पिशवी काय, बाजारातही मिळते. ती का चालते, हे तुम्ही मंगळवेढ्याकडच्या पेवाचा, म्हणजे जमिनीत खोदलेल्या धान्याच्या कोठाराचा, दाखला देऊन सांगितलंत, म्हणून ते डोक्यात बसलं. पेवाचं तोंड लिंपलं की आतले किडे नि दाणे श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवतात. म्हणूनच पेव उघडल्यावर जाणती माणसं लगेच आत उतरत नसत. पिशवीतही तेच घडतं. जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक, बाहेरून विणलेलं पोतं. प्राणवायू कमी झाला की सोंडे खायचे थांबतात, मग मरतात. धान्याला औषध लावावंच लागत नाही.

पण ओलं धान्य कोंडलं तर हीच पिशवी घात करते. आंबूस वास येतो, बुरशी धरते. ज्वारी-गव्हाची ओल १२ टक्क्यांच्या आत, तूर-हरभऱ्याची ९-१० च्या आत हवी. दाताखाली दाणा ‘कट्’ वाजला की वाळला, हा झाला अंदाज. मिठाची परीक्षा तुम्ही शिकवलीत: कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडं मीठ नि दाणे घालून हलवायचे, काचेला मीठ चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. मात्र ‘चिकटलं नाही म्हणजे १२ झाली, असं समजू नका’, हे तुम्ही दर वेळी बजावलंत. शेवटचा शब्द आर्द्रतामापकाचा.

उन्हातून उचललेलं धान्य गरम असतानाच भरलं तर गार होताना आत पाणी सुटतं आणि वरचा थर खराब होतो. आधी सावलीत निववायचं. कडुनिंबाचा पाला घालायचा तर तोही सावलीत पुरता वाळवूनच, नाहीतर आपणच ओल आत नेतो.

सगळ्यात मोठं काम तुमच्या भिंगाने केलं. तुरीच्या दाण्यावर चिकटलेला तो पांढरा ठिपका म्हणजे भुंगेऱ्याचं अंडं. मादी शेतातच शेंगेवर, नि साठवणीत दाण्यावर अंडी घालते, अळी दाण्यात शिरते आणि भोक दिसतं ते भुंगेरा बाहेर पडताना. म्हणजे वरून चांगली दिसणारी तूरही आतून लागलेली असू शकते. तूर आली की वाळवून लगेच बंद करायची किंवा डाळ करून ठेवायची, हे त्यामुळे पटलं. भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्खा दाणा लागतो.

पिशवी भरताना वर वीतभर मोकळं तोंड ठेवायचं, हवा दाबून काढायची, पीळ द्यायचा, दुमडून बांधायचं. दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या. काडी-कुसळ टोचलं किंवा उंदराने कुरतडलं की सगळी मेहनत वाया. म्हणून आधी चाळणी, मग फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. आणि रोज उघडायची नाही. महिन्याचं धान्य कोठीत वेगळं काढायचं.

धान्यातले किडे मारायची अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी राहत्या घरात ठेवू नका, तिचा वायू झोपलेल्या माणसाचा जीव घेतो, हे तुम्ही दारोदार जाऊन सांगितलंत. यासाठी तुमचे आभार कसे मानावेत, कळत नाही.

तूर अजून उन्हात आहे. पुढच्या फेरीला आर्द्रतामापक आठवणीने आणा, तोवर पिशव्या बांधत नाही.

आपल्या,
बचत गटाच्या सर्वजणी