सूचना : एअर रायफलमध्ये घरच्या घरी फेरफार करू नयेत

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गेल्या आठवड्यात सरावासाठी आणलेल्या एका पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलच्या सिलिंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे आढळले. गळती थांबावी म्हणून ते घरीच गुंडाळले होते. ती रायफल तत्काळ बाजूला ठेवण्यात आली.

मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार दाब असतो, तर आपल्या सिलिंडरमध्ये २०० बार; त्यामुळे टेपमुळे अर्धवट बसलेला आटा निसटला, तर उडालेला धातूचा तुकडा छऱ्यापेक्षा कमी घातक नसतो. हवा भरलेली असताना एकही स्क्रू सैल करू नये. आट्यांना साधे ग्रीस किंवा शिलाई यंत्राचे तेल लावणे तर त्याहून धोक्याचे आहे, कारण झपाट्याने दाबली जाणारी हवा तापते आणि डिझेल इंजिनात होते त्याप्रमाणे तेलाची वाफ पेट घेऊ शकते. याच कारणाने ऑक्सिजनच्या सिलिंडरमधून भरणा करण्याचा विचारही मनात आणू नये.

स्प्रिंग बदलून वेग वाढविणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, नळीतून सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक झाल्यास शस्त्र नियम, २०१६ अन्वये परवाना लागतो. शिवाय १० मीटरवर त्याने गुण वाढत नाहीत, हा भाग वेगळा.

उत्पादनापासून १० वर्षे उलटलेले सिलिंडर रेंजवर भरून मिळणार नाहीत. दुरुस्तीची रायफल आणताना सिलिंडर रिकामा करून वेगळा आणावा.

— सचिव