सफाईचा ठेका केवळ कमी दर पाहून देऊ नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आपल्या वास्तुविषयक पुरवणीत गृहसंस्था व व्यापारी इमारतींसाठी सफाई एजन्सी कशी निवडावी, यावर पानभर मजकूर आला आहे. तो वाचून मनस्वी संताप आला. तीन दरपत्रके मागवा, कोणती यंत्रे आहेत ते विचारा, माणसांना गणवेश आहे का ते पाहा आणि मग सर्वांत कमी दराला काम द्या, असा त्याचा मथितार्थ आहे. पुण्यातील काही गृहसंस्थांची आणि दोन छोट्या व्यापारी इमारतींची व्यवस्था मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. बहुतेक कमिट्या आजही नेमके हेच करतात आणि त्याचे परिणाम झाडलोट करणारी माणसे भोगतात. आपल्या वृत्तपत्राने त्या पद्धतीवर शिक्कामोर्तब करावे, याचे मला फार वाईट वाटले.

दर कमी-जास्त का असतो, याविषयी त्या पानभर मजकुरात एक ओळही नाही. सफाईच्या कामात यंत्रे आणि रसायने यांचा खर्च तुलनेने थोडा असतो. बिलाचा मोठा हिस्सा माणसांच्या पगाराचा असतो. किमान वेतन राज्य सरकार ठरवते आणि त्यावरचा महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. त्या रकमेवर भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा १२ टक्के आणि त्याला जोडून येणारा विमा व प्रशासकीय आकार धरून १३ टक्के, कामगार राज्य विमा योजनेचा (ईएसआय, म्हणजे आजारपणात उपचार व भत्ता देणारी योजना) मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि बोनस किमान ८.३३ टक्के. या तिन्हींची बेरीज २४.५८ टक्के, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा होते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी लागणारा बदली माणूस, भरपगारी रजा, गणवेश, साहित्य, एजन्सीचा स्वतःचा आकार आणि शेवटी १८ टक्के जीएसटी हे सगळे त्याच्यावर. किमान वेतनात पाव हिस्सा मिळवला की जी रक्कम येते, तिच्याखाली जर कोणी माणशी दर दिला असेल, तर ती तफावत कोणाच्या तरी ताटातून काढली जाणार हे उघड आहे. हा हिशेब कोणत्याही खजिनदाराला कागदावर सहज मांडता येईल. तो मांडायला सांगणे हे त्या लेखाचे पहिले काम होते.

मी हे इतके तळमळीने लिहितो, त्याला कारण आहे. मी व्यवस्था पाहतो त्यांपैकी एका गृहसंस्थेत काही वर्षांपूर्वी कमिटीने सर्वांत कमी दराची एजन्सी नेमली. दर परवडणारा नाही, असे मी कमिटीला लेखी कळवले होते. पण बैठकीत फक्त खालचा आकडा वाचून दाखवला गेला आणि ठराव मंजूर झाला. आमच्या जिन्यांची झाडलोट करणाऱ्या मावशी आधीच्या एजन्सीकडून या एजन्सीकडे आल्या. पगाराची चिठ्ठी त्यांना कधी मिळाली नाही, पण त्या एका छोट्या वहीत दर महिन्याला हातात आलेली रक्कम आणि शेजारी ‘पीएफ कापला’, ‘विमा कापला’ असे मुलीकडून लिहून घेत. पित्ताशयातील खड्यांमुळे त्यांना पोटात असह्य दुखू लागले तेव्हा त्या राज्य विमा योजनेचे कार्ड घेऊन दवाखान्यात गेल्या. खिडकीवर त्यांना सांगण्यात आले की नव्या एजन्सीकडे आल्यापासून त्यांच्या नावावर वर्गणी भरलेलीच नाही. पैसे दरमहा पगारातून कापले जात होते. ते पुढे जमाच झाले नव्हते. शस्त्रक्रिया शेवटी खासगी रुग्णालयात, नातेवाइकांकडून उसनवारी करून झाली. बरे होईपर्यंत घरी बसावे लागले त्या दिवसांचा आजारपणाचा भत्ताही त्यांना मिळाला नाही. सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर या योजनेत वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. मावशींनी कामाचे दिवस त्याहून कितीतरी जास्त भरले होते.

मी एजन्सीकडे चलने, म्हणजे वर्गणी भरल्याच्या पावत्या, मागितली तेव्हा ती मिळाली, आणि हीच गोष्ट मला वाचकांना आवर्जून सांगायची आहे. चलन खरे होते, रक्कमही भरलेली होती, मात्र त्यासोबतच्या नाववार यादीत आमच्या इमारतीतले एकही नाव नव्हते. ते चलन दुसऱ्याच ठिकाणच्या माणसांचे होते आणि कमिटी महिनोन् महिने ते फायलीला लावून समाधान मानत होती. म्हणून केवळ चलन पाहून चालत नाही. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा या दोन्हींची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यानंतर नाववार यादी मागवून ती आपल्या हजेरीपटाशी एकेक नाव ताडून पाहिली पाहिजे, आणि जमल्यास माणसांना त्यांच्या मोबाइलवर स्वतःच्या खात्याचे पासबुक उघडून दाखवायला सांगितले पाहिजे. ही यादी दिल्याशिवाय त्या महिन्याचे बिल निघणार नाही, अशी अट करारातच घालावी. चांगली एजन्सी या अटीला कधीही हरकत घेत नाही. अर्थात कमिट्यांनीही बिले दोन-दोन महिने अडवून ठेवू नयेत, कारण त्या उशिराचा फटकाही शेवटी पगारालाच बसतो.

‘तो एजन्सीचा आणि तिच्या माणसांचा प्रश्न आहे’ असे उत्तर मला त्या वेळी कमिटीतल्या एका सदस्यांनी दिले. ते नैतिकदृष्ट्या चुकीचे आहेच, कायद्यानेही टिकणारे नाही. कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे काम करवून घेणाऱ्या संस्थेवर, येते, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या कामगार संहितांतही ते कायम आहे.

त्याच एजन्सीने आमच्या तळमजल्यावरील लॉबीच्या संगमरवराचे काय केले, तेही सांगतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर अ‍ॅसिड पडले की पृष्ठभाग खाल्ला जातो आणि चकाकी जाते. बाजारातील नावाजलेल्या रसायनांना आर-१, आर-२, आर-६ असे क्रमांक असतात, त्यांतले आर-६ हे शौचालयाच्या भांड्यासाठी असते आणि आर-२ फरशीसाठी. ही साधी गोष्ट माणसांना शिकवलेली नसते. आमच्याकडे तर लेबल नसलेल्या पांढऱ्या कॅनमधून स्वस्त अ‍ॅसिड येत होते आणि तेच पाण्यात मिसळून सगळीकडे फिरवले जात होते. लिफ्टसमोरच्या पट्ट्यावर हात फिरवला तर खरखर लागे. पॉलिश करून घेण्याचा खर्च कमी दरामुळे वाचलेल्या रकमेच्या वर गेला. शिवाय असे अ‍ॅसिड आणि ब्लीच चुकून एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो. बंद शौचालयात काम करणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

एजन्सीचे काम जोखायचे असेल, तर लेखात म्हटल्याप्रमाणे चकचकीत फरशीची छायाचित्रे मागवून काही कळणार नाही. त्या एजन्सीकडे असलेल्या दुसऱ्या एखाद्या इमारतीत सकाळी अकराच्या सुमारास न कळवता जावे आणि तिथली साहित्याची खोली उघडून पाहावी. मॉप टांगून वाळवले आहेत की बादलीत कुजत आहेत, शौचालयाची फडकी आणि इतर फडकी वेगळ्या रंगांची आहेत की सगळीकडे एकच चिंधी आहे, कॅनवर लेबले आहेत की नाहीत, हे पाहिल्यावर फारसे विचारावे लागत नाही. तिथल्या माणसांना मात्र एक प्रश्न जरूर विचारावा, तो म्हणजे इथे किती दिवस काम करता. दर दोन महिन्यांनी चेहरे बदलत असतील, तर पगारात काहीतरी खोट आहे असे खुशाल समजावे. आपल्या इमारतीत काम सुरू झाल्यावर प्रवेशद्वार पाहण्यात अर्थ नाही, ते सगळेच स्वच्छ ठेवतात. वरच्या मजल्यावरचा जिन्याचा कोपरा, लिफ्टच्या दाराखालची खाच, अग्निशमन पेटीचा वरचा भाग आणि पावसाळ्याआधी गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या जाळ्या पाहाव्यात.

आता त्या लेखातील सर्वांत गंभीर गोष्टीकडे येतो. ‘एकाच ठेक्यात सेप्टिक टाकी आणि ड्रेनेज चेंबरची सफाईही बसवून घ्यावी, स्वस्त पडते’ असे एक वाक्य त्यात चौकटीत छापले आहे. झाडू-पोछाच्या ठेक्यात हे काम घातले की ते करायला कोण उतरतो, हे लेखकाला ठाऊक नसावे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने आवश्यक सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास, थेट किंवा कोणामार्फत, बंदी आहे; पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका गृहसंस्थेच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मरण पावले आणि त्यांच्या पत्नींना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आहे. हे काम सक्शन यंत्र असलेल्या, त्याच कामाच्या स्वतंत्र एजन्सीलाच द्यायला हवे आणि माणूस आत उतरणार नाही, ही अट कार्यादेशात लिहिली गेली पाहिजे. आपल्या चौकटीतले ते वाक्य वाचून एखाद्या सचिवांनी तसा करार केला, तर काय होऊ शकते याची कल्पनाही करवत नाही.

आणखी एक तक्रार नोंदवतो. त्या मजकुराच्या शेजारीच आणि खालीही सफाई एजन्सींच्या जाहिराती होत्या, आणि लेखाचा टाइप व जाहिरातींचा टाइप इतका सारखा होता की कुठे लेख संपतो आणि कुठे जाहिरात सुरू होते, हे मला दोनदा वाचून कळले. लेखावर लेखकाचे नाव नव्हते. वाचक आपल्या पानावर विश्वास ठेवून लाखो रुपयांचे ठराव करतात. त्यांना हा फरक स्पष्ट दिसला पाहिजे.

गृहसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात आणि अनेक ठिकाणी सफाईच्या ठेक्याचा विषय त्याच सभांत येतो. म्हणून त्या चौकटीतील सेप्टिक टाकीसंबंधीचे वाक्य चुकीचे असल्याचा खुलासा आपण येत्या पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा, आणि दरपत्रक तपासताना वेतन व वर्गणीचा हिशेब कसा मांडावा, याचा एक नमुना तक्ता सोबत द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तक्ता तयार करायला मदत हवी असल्यास मी ती आनंदाने करीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे