विषय: मोरपंखी म्हणून आलेला फिकट रंग आणि तुमच्या हेल्पलाइनची उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवलाय. राग शांत झाल्यावर लिहावं म्हटलं होतं, पण तशी चिन्हं नाहीत.

हॉलच्या तीन भिंती हस्तिदंती आणि सोफ्यामागची एक गडद मोरपंखी. तुमचेच २०० मिलीचे सॅम्पल भिंतीवर शेजारी-शेजारी लावून, सकाळच्या उन्हात आणि रात्री दिव्यात पाहून हे ठरवलं. मग ४ लिटरचा डबा आला. पहिला कोट वाळला आणि पेंटरनेच रोलर खाली ठेवला. मोरपंखी कुठला, सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा हिरवट-निळा!

कारण झाकणांवरच छापलंय. सॅम्पलवर डीप बेस, म्हणजे गडद शेड ज्यात मिसळतात तो मूळ रंग; डब्यावर व्हाइट बेस, फिकट शेडसाठीचा. शेड कोड तोच. व्हाइट बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरं रंगद्रव्य, ठासून भरलेलं असतं, त्यात गडद रंगाचा फॉर्म्युला मारला तर तो फिकाच पडणार. हे तुम्हाला मी सांगायचं?

तुमच्या प्रतिनिधीला सांगितलं. तो म्हणाला, "कोड सेम आहे ना मॅडम? मग रंग सेमच." बेस वेगळा आहे म्हटलं, तर "बेस आत असतो मॅडम, तो दिसत नाही." मग म्हणे, "दोन रंग शेजारी आले की डोळे फसतात." अहो, फसतात, पण उलट्या बाजूला! हस्तिदंतीशेजारी गडद रंग आणखी गडद वाटतो, फिका नाही. यावर मला बराच वेळ बासरी ऐकवली आणि परत येऊन साहेब काय म्हणाले? "ट्यूब बदलून बघा. नाहीतर घरात सर असतील तर त्यांना दाखवा." सरांना! सरांनी पाहिल्यावर रंग गडद होतो, हे तुमच्या जाहिरातीत का नाही?

टिंट केलेला, म्हणजे मागणीप्रमाणे शेड मिसळून दिलेला माल परत घेत नाहीत, हे ठाऊक आहे. तो नियम गिऱ्हाइकाचं मन बदललं तर. इथे बेस चुकलाय. बेस.

माहेरी डिस्टेंपरच्या काळापासून तुमचाच रंग. दुसऱ्या कंपनीचं शेड कार्ड मी कधी उघडलं नव्हतं. आज मागवलंय.

डीप बेसमधला ४ लिटरचा डबा आणि वाया गेलेल्या कोटाची मजुरी, दोन्ही आठवड्याभरात द्या. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन्ही झाकणांचे आणि बिलाचे फोटो जोडलेत. उत्तर लेखी द्या, फोन करू नका.

अजून तरी तुमचीच,
एक ग्राहक